खाज येते का?

चौदा वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.
ओठ सुजला की, कोलंबी बाधली.
हात सुजला की, माशी चावली असेल.
पोट पेटलं तेव्हा कुडाळात अपेंडिक्स कापलं;
चांगलंच होतं ते, नंतर कळलं.
आईने देवचाराला नारळ दिला.
मी कोलंबी सोडली,
गाबिताच्या घरात राहून.

मग वेंगुर्ल्याच्या दवाखान्यात
नव्या आलेल्या ऐनापुरे डॉक्टर
सूज बोटाने दाबत म्हणाल्या,
खाज येते का?
नाही.
गांधी उठतात?
नाही.
घरात आणखी कुणाला?

मी भिवामामाचं नाव घेतलं.
दाढ काढून आला, संध्याकाळी आवाज बसला,
पहाटेपर्यंत घसा मिटला.
लोक म्हणाले, काटा अडकला.
त्या रात्री तर नुसती पेज होती.

केसपेपरच्या पाठीवर त्यांनी
चौकोन काढले, गोल काढले,
मामाच्या चौकोनावर तिरकी रेघ.
माझा गोल काळा केला.
पेन आईपाशी थांबलं.
रक्त बर्फात घालून मुंबईला गेलं,
सुरमई जाते तसं.

आता फ्रीजमध्ये, बांगड्यांपासून लांब,
एक इंजेक्शन असतं. महाग.
लाईट गेली की आई आधी ते बघते,
मग मासळी.

काल लेक शाळेतून आली, मनगट फुगलेलं.
मी तिला दारात, उजेडात नेलं.
शब्द तोंडाशी येईनात.
"डोंगळा चावला," ती म्हणाली, "कसलं खाजतंय!"

खाजव, म्हटलं.
खाजव हवं तेवढं.