बादलीतल्या सुऱ्या

आमच्या दुकानात गल्ल्याशेजारी पत्र्याची बादली आहे.
तिच्यात सुऱ्या उभ्या, मुठी वर,
लाल प्लॅस्टिकच्या, काळ्या म्यानात.
किंमत म्हणाल तर
दोन कप कॉफी आणि एक दालचिनीचा पाव.

काचेच्या कपाटात दुसऱ्याही आहेत.
भूर्जाच्या गाठीची मूठ, टोकाला रेनडिअरचं शिंग,
पात्यावर लोहाराचं नाव.
त्या पर्यटक नेतात,
किंवा गावकरी वर्गणी काढून निवृत्त मास्तरांना देतात,
आणि मग त्या भिंतीवर टांगल्या टांगल्या म्हाताऱ्या होतात.

बादलीतली सुरी म्हातारी होत नाही.
हरवते.

तिला घडी नाही, खटका नाही, स्प्रिंग नाही.
पातं मुठीत शिरलंय ते शिरलंय.
हातमोजा न काढता उपसावी,
मासा चिरावा, दोर कापावा,
रंगाच्या डब्याचं झाकण उचकटावं
– हे करू नका, मी प्रत्येकाला सांगते, प्रत्येक जण करतो –
आणि तिनंच पावाला लोणी लावावं.
ओली ठेवली तर रात्रीतून गंजते.
पण राग धरत नाही.
चार हात दगडावर फिरवले की पुन्हा कामाला.

इल्मो रौताकोर्पी दर ऑक्टोबरात यायचा,
बूट दारात आपटून.
"हरवली."
"कुठे?"
"ओढ्याकाठी."
पुढच्या वर्षी, "दलदलीत."
मग, "होडीतून पडली."
एकदा, "कोल्ह्यानं नेली,"
आणि तेव्हा तो जवळजवळ हसला होता.
एकोणीस वर्षं. आधी मार्क, मग युरो.
माझा नवरा म्हणतो, या माणसाच्या खिशाला तळच नाही.
मी म्हणते, गिऱ्हाईक आहे, तू गप बस.

मग तो फेब्रुवारी.
स्नोमोबाइल टेकडीपलीकडे बंद पडली, उणे चौतीस,
आणि मी चालत निघाले खोपटाकडे.
त्या खोपटाला मालक नाही, म्हणून कुलूपही नाही.
आत ओंडके होते, नीट रचलेले, जाडजूड.
काड्यांची पेटी होती.
बोटं होती, पण माझी वाटत नव्हती.
चुलीवरच्या वाशात, डोळ्यांच्या उंचीला,
रुतवलेली एक लाल मूठ.

ओंडक्याची कड सोलत गेले, पापुद्रा पापुद्रा,
कोंबडीच्या पिसासारखी फुलेपर्यंत.
खाली भूर्जाची साल.
तिसऱ्या काडीला पेटलं.

हात माझे झाले तेव्हा मूठ नीट पाहिली.
आमच्याच दुकानाची चिठ्ठी, अर्धी खरवडलेली,
माझं अक्षर,
किंमत मार्कांत.

पहाटे पातं पुसलं, मेणबत्तीचं मेण चोळलं,
होती तिथेच रुतवली.
बाहेर पडताना उगीच एकदा वळून पाहिलं.

ऑक्टोबरात इल्मो आला.
"हरवली."
"कुठे?"
"टेकडीच्या अलीकडे कुठेतरी."
"बरं," मी म्हटलं, आणि एक युरो परत केला.
त्यानं नाणं पाहिलं. बादलीवरची किंमत पाहिली.
मला पाहिलं नाही.
एका बोटानं नाणं फळीवरून सरकवलं, माझ्या बाजूला,
हळू,
बर्फावरून होडी ढकलावी तसं.
"लिहिलंय तेवढंच," म्हणाला.
दार लागलं. घंटी थोडा वेळ हलत राहिली.

यंदा तो आला नाही.
गुडघे, असं त्याची सून म्हणाली.
महिना संपता संपता मी बादलीतून एक सुरी काढली,
माझ्या पाकिटातले पैसे गल्ल्यात टाकले,
म्यान कोटाच्या आत लटकवलं.
नवऱ्यानं वहीतून मान वर केली.
"ही कुणाच्या नावावर?"
"हरवली म्हणून लिही."
"कुठे?"
"ते अजून ठरायचंय."