थांबलेल्या जमिनीवर

पावणेसहा. मानेवाडा रोडच्या मागचं समाजभवन.
कालच्या बारशाचे फुगे अजून पंख्याला लोंबताहेत.
सगळ्यांच्या मॅटा निळ्या, जांभळ्या, गुंडाळून आणलेल्या,
माझी घरची सतरंजी.
आणि पायात मोजे. मोजे कोणीच घातले नाहीत.

कुंदा म्हणाली होती, "रिटायर होऊन सात महिने झाले,
पहाटे साडेतीनला उठून कोणती गाडी काढता वो?
येरझारा घालून फरशा झिजून राहिल्या घरातल्या."
म्हणून आलो.

ठवकर मॅडम सत्तरीच्या पुढच्या, कानात मशीन.
खाली बसल्या त्या हात न टेकता.
मी दोन्ही टेकले,
वरून एक 'अरे देवा'ही टेकला.

"नवीन? कुठं दुखतं?"
"दुखत नाही कुठं, मॅडम. थांबवत नाही."
त्यांनी वहीत लिहिलं काहीतरी. गुडघा लिहिलं असेल.

"ताठ उभे राहा. डावा खांदा खाली आहे तुमचा."
वर घेतला. परत उतरला.
एकतीस वर्षं त्याच्यावर चामड्याची बॅग होती,
सुट्ट्या पैशांची, रोज तेवढीच जड.
बॅग डेपोत जमा केली, सही घेतली.
खांदा जमा करून घेणारी खिडकीच नव्हती.

वाकायचं म्हटलं तर बोटं गुडघ्यापाशी संपली.
बाजूचे लांजेवार, कूलरचं दुकान,
हळूच म्हणाले, "होते भाऊ.
मी तर पहिल्या दिवशी वाकलो तं वाकलोच,
दोघा जणांनी उचललं."

मग मॅडम म्हणाल्या, आता झाड.
एक पाय उचला, दुसऱ्याच्या मांडीला लावा,
समोर एक ठिपका पाहा.

मनात हसलो मी.
नागपूर–अहेरी, उभ्यानं, कशालाही न धरता,
एका हातात तिकिटं, दुसऱ्यात पंच,
पोती, कोंबड्या, मांडीवरची लेकरं ओलांडत.
ब्रेक लागायच्या आधी तळपायाला कळायचं
की गोंडाणे ड्रायव्हर आता दाबणार.
तो तळपाय आहे हा.

उचलला.
पडलो सरळ लांजेवारांवर.

परत उचलला, परत पडलो.
फरशी हलतच नव्हती ना.
पाय वाट पाहत होता खड्ड्याची, वळणाची,
नाल्यावरच्या त्या एका उसळीची,
आणि येत नव्हतं काहीच.
काहीच येत नाही तेव्हा कोणीकडे झुकायचं
हे कोण्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

"भिंत धरा. त्यात लाजायचं काय?
रोपालाही काठी बांधतोच आपण."
धरली. चुना तळहाताला आला, पिवळा.

श्वास सोडा, म्हणाल्या, आतलं सगळं बाहेर.
मी मनातल्या मनात म्हटलं, घेऊन जा गे मारबत.
मागच्या दोन बाया फिसकन हसल्या.
मनातल्या मनात नसावं झालं ते.

शेवटी आडवे. काही करू नका, म्हणाल्या.
पायाची बोटं सोडा, घोटे सोडा, गुडघे.
त्या वर सरकत होत्या,
मी गाडी रिकामी झाल्यावर जायचो तसा मागून पुढे,
एकेका सीटखाली वाकून बघत.
कोणाची छत्री, डबा, एकदा एकच चप्पल.
छातीपाशी आलो तर कोणीतरी अजून ओरडत होतं,
पुढं सरका, पुढं सरका, मागं जागा करा.
माझाच आवाज.
त्याला उतरा म्हणायच्या आत घोरलो.

लांजेवारांनी हलवलं तेव्हा दहा मिनिटं उलटली होती,
सतरंजीखाली एक फुगा येऊन थांबला होता.
"उद्या मोजे नको," एवढंच मॅडम म्हणाल्या,
आणि किल्ली शोधायला लागल्या.

घरी दात घासताना पाय उचलला.
कुंदा दारात. "हे काय करून राहिले?"
तोंडात फेस, म्हटलं, "झाड."
चारपर्यंत मोजलं.
मग बेसिन धरलं.