आवक

यावल डेपोच्या स्टोअरात
ब्रेक लायनरचे चाळीस संच उतरवले,
चलनावर शिक्का घेतला,
आणि गाडीतून केळीचा एक घड आणून
टेबलाच्या कडेला ठेवला, सहज,
जशी माणूस टोपी काढून ठेवतो.

सुपडू धांडे चष्मा कपाळावर सारून बघत राहिले.
"हे कोणत्या ऑर्डरचं?"
म्हटलं, घरचंच आहे अण्णा,
मेव्हण्याच्या मळ्यातलं.
"घरचं आहे तर घरी असावं."

हमालाला हाक मारली त्यांनी.
घड काट्यावर चढवला,
ज्या काट्यावर घासलेले ड्रम
भंगारात जाताना मोजतात त्याच.
मग आवक रजिस्टरात
माझ्या लायनरच्या खालच्याच ओळीत
सावकाश, गोल अक्षरात:
केळी, घड एक. अठरा किलो सातशे.
मागणीपत्र: निरंक. दर: निरंक.
पुरवठादार: झांबरे ब्रेक्स, जळगाव.
शेरा: परत.

"सही करा."

वीस वर्षांत निविदा भरल्या,
अनामत भरली, उशिराचा दंड भरला,
पेन असं कधी अडखळलं नव्हतं.

सोबत चार पानं दिली, पिन मारलेली.
पुरवठादारांसाठी आचारसंहिता.
दरवर्षी देतात. दरवर्षी मी ती
शेवटच्या पानापासून वाचतो,
म्हणजे सहीच्या जागेपासून,
आणि तिथेच संपवतो.

आज गाडीत बसून पहिलं पान काढलं.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री,
मागच्या सीटवर घड,
आरशात त्याच्या फण्या दिसत होत्या,
घरी सोडायला निघालेल्या
न बोलणाऱ्या पाहुण्यासारख्या.

भेटवस्तू देणार नाही.
दुसऱ्याचा दर आधी विचारणार नाही.
निवृत्त होणाऱ्या साहेबाला
खुर्ची दाखवून ठेवणार नाही.
मेजवानी देणार नाही.

मेजवानी.
म्हणजे काय, हे कागदाला काय माहीत?
त्याला बामणोदची वांगी माहीत नाहीत,
तुराट्यांचा जाळ माहीत नाही,
बडगीत ठेचलेल्या मिरचीचा ठसका माहीत नाही.
तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात
तपासणीचे साहेब आले होते मळ्यात,
कळण्याची भाकरी मोडत म्हणाले,
झांबरे, असं भरीत जन्मात खाल्लं नाही.
त्यानंतरचा माल
त्यांनी खोका न फोडताच पास केला.

त्या खोक्यातले लायनर
दोन मिलिमीटर पातळ होते.
मला माहीत होतं.
एवढंच लिहायचं होतं खरं तर,
बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं.

कोणत्या गाड्यांना बसले, विचारलं नाही.
पालच्या घाटात जाणाऱ्या असतील,
बाजाराच्या दिवशी पायरीपर्यंत भरलेल्या.
काही झालं नाही.
काही झालं नाही, असं मी स्वतःला
कितीदा सांगितलं असेल.
ते कुणा ड्रायव्हरचं पुण्य,
पहिल्या गिअरमध्ये गाडी धरून
उतरलेल्या. माझं नव्हे.

पाच वाजले.
धांडे स्टोअरला कुलूप लावून बाहेर आले,
कुलूप दोनदा ओढून पाहिलं,
पिशवी झटकली,
आणि गेटसमोरच्या हातगाडीपाशी थांबले.

"डझन कितलाले?"
"चाळीस, अण्णा."
"तीस दे."
"परवडस नही हो."
"मंग अर्धाच डझन दे."

खिशातून नोट काढली, उलगडली,
सुटे परत घेतले, मोजले.
सहा केळी पिशवीत टाकून
फैजपूरच्या गाडीत चढले
आणि आपल्याच महामंडळाच्या कंडक्टरला
पास दाखवला,
त्यानं मागितला नव्हता तरी.

गाडी निघाली, वळणावर
ब्रेक दाबल्याचा आवाज आला.
मी कान देऊन ऐकला.

मग काच खाली केली.
आतल्या उन्हात
घड पिकायला लागला होता.