उत्तर वर

फैजपूर. शाळेची गच्ची. पौषातली अवस.
झोपे सरांचं आडनाव हा गावाचा जुना विनोद:
झोपे, आणि रात्र-रात्र जागतात.

सिंह राशीतल्या एका पुसट दीर्घिकेशेजारी
आज एक ठिपका जास्त होता.
मागच्या वर्षीच्या चित्रात तिथे नुसतं काळं.
दोन्ही चित्रं आलटून पालटून पाहिली.
आहे. नाही. आहे.
चहा सांडला चार्जरवर,
आणि मनातल्या मनात मी त्याचं बारसंही उरकलं.

"हेमांगी, सातपुडा कुठे आहे?"
मी पाठीमागे बोट केलं, अंधारात.
"आणि चित्रात?"

चित्रात उत्तर डाव्या हाताला आडवी पडली होती.
दिवाळीनंतर धूळ पुसून कॅमेरा बसवला
तो मीच.

घाईघाईत मी आरसा दाबला.
सर हसले. "नकाशात रावेर उजवीकडे, म्हणून ना?
आभाळात रावेर डावीकडे असतं, पोरी,
आपण खालून बघून र्‍हायलो.
आणि आरशातलं कितीही फिरव,
डाव्याचं उजवं व्हायचं नाही."

मग आरसा काढला.
उजवीकडे, नव्वद अंश.
आडवी चौकट उभी झाली,
आणि लाखो ठिपके एका दमात उठून
दुसऱ्या घरात राहायला गेले,
अंगावरचा उजेड थेंबभरही न सांडता.
काटकोनात काही हरवत नाही.
सात अंश वळवायचं म्हटलं असतं
तर ज्याला त्याला शेजाऱ्याकडून
उजेड उसना घ्यावा लागला असता,
आणि उसन्या उजेडाच्या कडा विरघळतात.

फाईलच्या कपाळी लिहिलेलंही बदललं,
नाहीतर चित्र सरळ आणि पत्ता वाकडा.

आता पुन्हा दोन्ही चित्रं, एकावर एक.
माझा नवा तारा
गेल्या वर्षीच्या ताऱ्यावर
गुपचूप जाऊन बसला.
तिथेच होता तो. दीर्घिकेच्या दुसऱ्या अंगाला.
भोवतीचे सगळेच तारे जागा सोडून बसले होते,
पण मी त्यांच्याकडे पाहिलंच कुठे?

तीन वाजता शिवारात लाईन आली.
केळीतल्या मोटारी घरघरू लागल्या,
कुणाच्या तरी बांधावर बल्ब लागला
आणि पूर्वेकडचं आभाळ फिकं पडलं.
सरांनी नोंदवही मांडीवर घेऊन लिहिलं:
आकाश स्वच्छ. नवीन काही नाही.
कॅमेरा आडवा बसला होता.

कोणी बसवला, ते लिहिलं नाही.