डावं पेडल

चाळीस युरो दिले लोरिसने तुझ्या सायकलचे.
चाळीस, गुएरिनो.
पंचवीस वर्षं तू तिच्यावरून रंगाच्या कारखान्यात गेलास,
वर्षाचे दोनसुद्धा पडले नाहीत.

त्याआधी हमरस्त्यापलीकडच्या
त्या काचेच्या दुकानात जाऊन आले होते.
तिथे सायकली भिंतीला टांगलेल्या,
बॅटरीवर पळणाऱ्या, झाडून सगळ्या काळ्या,
आणि दाढी कोरलेला एक पोरगा.
तुझ्या सायकलीकडे मान वर न करता म्हणाला,
हिचं आमच्याकडे काही होत नाही, बाई.
भंगारवाला मंगळवारी येतो.

म्हणून लोरिस.
किल्ल्याच्या खंदकामागच्या गल्लीतला,
ज्याच्या दारात पंप साखळीने बांधलेला
आणि वर खडूने लिहिलेलं:
हवा फुकट. पंप नाही.
त्याने मागचं चाक उचललं, फिरवलं,
कान लावला, नाक मुरडलं.
म्हणाला, चाळीस.
मी म्हणाले, साठ.
तो काहीच म्हणाला नाही. हात पुसत राहिला.
या माणसाला घासाघीस येत नाही
की फार चांगली येते,
मला अजून कळलेलं नाही.

आठ दिवसांनी धुक्यातून बाजार करून येताना
काचेत तीच. हिरवी. घंटी लखलखीत.
गळ्यात पुठ्ठा: एकशे दहा.

मिरच्या झोंबल्या माझ्या नाकाला.
हातात कोबी, तशीच आत शिरले.
म्हटलं, विधवेला लुटायचं दुकान आहे का हे?
आत एक म्हातारा पंक्चर घेऊन उभा होता,
एक बाई मुलाची सीट बसवून घेत होती.
दोघंही जमिनीकडे बघू लागली.

लोरिसने वही काढली, पानापानावर ग्रीसचे अंगठे.
साखळी. दोन्ही ट्यूब. ब्रेकचे रबर.
मागचे सात आरे.
माझा दीड दिवस, तो मी लिहीत नाही.
मग चष्मा कपाळावर सरकवून,
तुमचे यजमान डाव्या पायाने चालवायचे ना?

मी म्हटलं, म्हणजे काय?

डावं पेडल सुपारीसारखं गुळगुळीत झालंय.
उजवं जवळजवळ कोरं. सीटही डावीकडे बसलेली.
उजवा गुडघा गेला होता त्यांचा.
एक-दोन वर्षांचं काम नाही हे. दहा तरी.

दहा वर्षं, गुएरिनो.
दहा वर्षं तू जिन्यावर माझ्या मागून यायचास
आणि मला वाटायचं,
रीतभात आहे माणसाला.

मी तिथल्याच स्टुलावर बसले, कोबी मांडीवर.
तेवढ्यात एक उंच पोरगा आला, आर्दित, आल्बेनियाचा.
पावाच्या भट्टीत रात्री दोनला हजर व्हावं लागतं,
तेव्हा बस नसते.
तटबंदीपर्यंत जाऊन आला, कान लाल करून.
नव्वद, म्हणाला.
लोरिस हात पुसत राहिला.
शंभर.
लोरिसने मागचा दिवा फुकट लावून दिला.
मला हसूच आलं, रागातसुद्धा.

फक्त हे डावं पेडल बदला, पोरगा म्हणाला,
पाय घसरतो त्यावरून.

बदललं.
जुनं डब्यात पडणार, इतक्यात मी म्हणाले, ते मला द्या.
लोरिसने माझ्याकडे बघितलं,
मग पेडल फडक्यात नीट गुंडाळलं, बाळासारखं,
आणि म्हणाला, दोन युरो.

दिले. पावतीही फाडली त्याने:
पेडल, डावं, वापरलेलं, नग एक.

आता ते खिडकीत आहे, कांद्यांच्या टोपलीशेजारी.
तळमजल्यावरचं घर रिकामं झालं होतं,
आठवतं? तू नुसतं विचारलंस.
मी म्हणाले, नको, तिथे ओल येते.
तू म्हणालास, खरंय,
आणि पिशव्या उचलून
माझ्या मागून जिना चढू लागलास.