मुख्य पडदा

हर्णैच्या सोसायटीत दोन पडदे आहेत.
एक माझ्या टेबलावर, कडेने पिवळा पडलेला,
दुसरा खिडकीत, बाहेर तोंड करून.
वाऱ्याचा वेग, कुणाचा डिझेल कोटा किती उरला,
काल लिलावात सुरमई काय भावाने गेली,
हे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून.

रोज सव्वासातला मी बटण दाबते
आणि कॉम्प्युटर रोज खिडकीतल्याला मुख्य मानतो.
माझ्यासमोर नुसतं निळं.
घड्याळ नाही, चिन्ह नाही, बाण नाही.
पासवर्डची चौकट बाहेर उघडते, चव्हाट्यावर,
आणि बर्फाच्या गाडीची वाट बघणारे काशिनाथ रघवटे
तंबाखू मळता मळता ओरडतात,
"बाय गो, तुजा बाण हिकडं आलाय!"

मग त्यांच्या सांगण्यावर मी माउस हलवते.
वर. अजून वर. आता डाव्या हाताला.
तुझ्या नाय, माझ्या डाव्या.
अंधारात होडी धक्क्याला लावावी तसे
आम्ही दोघे मिळून त्या चौकटीला लागतो.
आठ ठिपके पडतात.
रघवट्यांच्या नातवाने ते मोजून ठेवलेत.

सेटिंगमध्ये जाऊन मी किती वेळा सांगितलं असेल त्याला.
एक आणि दोन, असे दोन चौकोन येतात.
माझ्या चौकोनावर टिचकी, खाली बरोबरची खूण,
हाच मुख्य.
तो ऐकतो. दिवसभर ऐकतो.
रात्री बंद केला की सगळं विसरतो.

शेवटी दापोलीहून इम्तियाज सोलकर आला,
मोटरसायकलवर, दात घासायचा जुना ब्रश घेऊन.
मागची वायर काढून त्याने उजेडात धरली.
पिना हिरव्या झालेल्या.
"खारी हवा, ताई. तुमचा हा उठायला चार सेकंद घेतो.
बाहेरचा नवा आहे, हाक मारली की हजर.
मशीनला काय कळतंय?
जो आधी ओ देतो त्याला ते थोरला धरतं."

बाबा गेले तेव्हा
नौकेच्या कागदांसाठी माणूस आला होता.
ओटीवरूनच त्याने विचारलं, थोरलं कोण घरात?
मी मागच्या दारी पापलेटं साफ करत होते,
कोपरापर्यंत हात भरलेले.
"मी," असं प्रकाश म्हणाला.
माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा.
हात धुऊन मी पुढे आले
तोवर पेनाचं टोपण लागलं होतं.

इम्तियाजने पिना घासल्या, फुंकर मारली,
मग सुरू होतानाच चालेल अशी एक ओळ लिहिली.
मला वाचून दाखवली, आपल्या भाषेत:
दहा सेकंद थांब.
दोघांनाही उठू दे.
मग ठरव.
आणि कीबोर्डवर बोटं तशीच ठेवून विचारलं,
"कुठला मुख्य ठेवायचा?"

मला लगेच बोलताच येईना.
बाहेर बैलगाडी पाण्यातून वर येत होती, चाकं निथळत.
"हा," मी म्हटलं,
आणि काचेवर बोट इतकं जोरात टेकवलं
की ठसा उमटला.
अजून पुसलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बटण दाबलं.
काळं. काळं. मी मोजत होते.
नऊला उजव्या कोपऱ्यात घड्याळ आलं,
सात सोळा, माझ्याकडे.
"आज बाण नाय आला?" रघवटे.
"नाही येणार आता."
ते उगाच वाऱ्याचा आकडा वाचत उभे राहिले,
वायव्य, ताशी अठरा,
जो त्यांना पडद्याआधीच कानशिलाला कळलेला असतो.

संध्याकाळी निघताना
बाहेर कोणी नाही असं बघून
मी बाण माझ्या उजव्या कडेवरून सोडला.
भिंतीतून पार, खिडकीत.
सुरमईच्या भावावरून, वाऱ्यावरून,
कोट्याच्या यादीत चौथ्या ओळीपर्यंत नेला.
नौका दर्याकिरण. मालक प्रकाश चोगले.
तिथे थोडा थांबवला.
मग परत आणला,
आणि बंद केलं.