टप

समोरची टोपी एकच.
मागची टोपी एकच.
आखूड गाडीला मधे एक पट्टा, मधलीला दोन,
लांब गाडीला चार.
एवढं सुचायला मला दोन वर्षं लागली
आणि रबाळ्याच्या टपरीवर साडेसातशेची उधारी.

त्याआधी प्रत्येक गाडीचा टप वेगळा ओतायचो,
साचा वेगळा, शिव्या वेगळ्या.
शेडमागे जुने साचे पालथे पडलेत
किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांसारखे.
एकाखाली कुत्री व्याली मागच्या थंडीत.
तो साचा मी अजून भंगारात दिलेला नाही.

मढवीमामा होडीवाल्यांच्याच घरातले.
फायबरचं कापड राळेत भिजवून अंथरतात,
रोलर फिरवून बुडबुडा न बुडबुडा पळवतात,
आणि माझ्या नकाशाकडे तिरक्या मानेने बघतात.
"तुजा कागुद सरल हाय गो,
गारी सरल नाय."

खरंच नव्हती.
आखूड गाडीला टप चपखल बसला, आम्ही पेढे वाटले.
लांब गाडीला मागची टोपी
बोल्टाच्या भोकापासून आठ मिलिमीटर लांब राहिली.
आठ म्हणजे किती? करंगळीची रुंदीसुद्धा नाही.
पण बोल्टाला करंगळीचं काय.

रात्री साडेनऊपर्यंत शोधलं.
चूक माझ्या मोजपट्टीत निघाली:
टोकाची पितळी आकडी झिजून वाकलेली,
दर मापामागे दोन मिलिमीटर खाणारी.
एका पट्ट्याचे दोन रबराने मुकाट गिळले होते.
चार पट्ट्यांचे आठ, त्याने तोंडच मिटलं.
ही मोजपट्टी बाबांची.
लेथवर बोट जायच्या आधीपासूनची.
आता ती खणात आहे. नवी दोनशे दहाला आणली.

उंची मात्र कागदावर ठरली नाही.
ऐरोलीहून जिन्सी सिस्टर आल्या, सुट्टीच्या दिवशी,
कच्च्या सांगाड्यात चढल्या,
हात वर करून सलाईनची बाटली अडकवून दाखवली,
मग नुसत्याच उभ्या राहिल्या.
"इतकी वर्षं वाकून केलं सगळं," म्हणाल्या,
आणि उतरायला तयारच होईनात.
मी भिंतीवर पेन्सिलने त्यांच्या डोक्यापाशी रेघ मारली,
वर चार बोटं सोडली.

पाण्याच्या चाचणीला आत मी बसते.
दारं बंद, टॉर्च, निळा खडू.
बाहेर इर्शाद टँकरचा पाइप धरून,
पंधरा मिनिटं टपावर ताशा वाजत राहतो.
सांध्यांकडे बघत बसायचं.
थेंब कधी पहिल्या सांध्यातून शिरतो
आणि तिसऱ्याखाली टपकतो,
वाटेत काय करतो, कुणाला ठाऊक.
जिथे दिसला तिथे खडूचं वर्तुळ.
मग रबर बदलायचं, पुन्हा आत बसायचं.

शववाहिनीची ऑर्डर आली तेव्हा गणित मोडलं.
दोन पट्टे कमी, तीन जास्त.
मी विश्वस्तांना म्हणाले, गाडी दुसरी घ्या.
ते म्हणाले, गाडी देणगीत आलीय, मॅडम.
मढवीमामांनी काही न बोलता
साच्यात मधोमध आडवी फळी ठोकली.
अर्धा पट्टा.
माझ्या यादीत त्याला नंबर नव्हता.
मी तिथे फक्त 'मामा' लिहिलं,
आणि ऑफिसातल्या पोराने तेच कॉम्प्युटरवर चढवलं.
आता तीन गिऱ्हाइकं 'मामा' मागतात.

काल घणसोलीच्या सिग्नलला
पुढे एक लांब गाडी उभी होती, पांढरी, बिननावाची.
सवयीने सांधे मोजले. पाच.
आत कोण निजलंय, की नुसते खोके आहेत,
काचेवर फिल्म होती, दिसलं नाही.
आपलीच असेल,
तर अस्तराच्या आत तिसऱ्या सांध्याखाली
एक निळं वर्तुळ असेल, पुसायचं राहिलेलं,
कोरडं.

मागच्याने हॉर्न दिला.